ठाण्यातल्या महिला मदत केंद्रात नव्याने काम सुरू करताना

आमच्या केंद्रात दर वर्षी काही नव्या कार्यकर्त्या येतात. कुणी समाजकार्याचं शिक्षण घेत असते, कुणी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असते, कुणी काही वर्षांपूर्वी इथल्याच बाकावर डोळे पुसत बसलेली असते. सगळ्यांना एकच घाई असते: समोर आलेल्या बाईचा जाच आजच्या आज थांबला पाहिजे. ही घाई मनापासूनची असते, पण तिच्यामुळे दोन गोष्टी बिघडतात. निर्णय तिच्याऐवजी आपण घेऊन टाकतो आणि कागद करायचा राहून जातो. कागद राहिला की वर्षभराने कोर्टात उभं राहताना तिच्या हातात काहीच नसतं. म्हणून हा लेख आपण ज्या क्रमाने काम करतो त्या क्रमाने लिहिला आहे. वस्तीतली बैठक, बचत गट, कायद्याची शिबिरं ही संस्थेची इतर कामं हळूहळू अंगवळणी पडतात. बुधवारी दुपारी दार उघडल्यावर बाकावर बसलेल्या बाईशी कसं वागायचं, हे मात्र पहिल्या दिवसापासून माहीत हवं.

सुरुवातीला हद्द समजून घ्या

केंद्रात बसण्याआधी एक दिवस नुसता फिरण्यात घाला. वागळे इस्टेट, किसन नगर, लोकमान्य नगर, राबोडी, कळवा, मुंब्रा, कोपरी, घोडबंदर रोड. कोणती वस्ती कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते वहीत लिहा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढे तेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. कळव्यातून ऐरोलीकडे जाताना दिघा लागतं. तिथे राहणाऱ्या बाईचं माहेर दहा मिनिटांवर कळव्यात असू शकतं. पण कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं आणि दिघा नवी मुंबई आयुक्तालयात. घोडबंदर रोडने पुढे काशीमिऱ्याला गेलात की मीरा-भाईंदर, वसई-विरारचं तिसरं आयुक्तालय सुरू होतं, ते २०२० मध्ये वेगळं झालं. मार खाऊन रात्री माहेरी पळून आलेल्या बाईला "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकावं लागतं ते या सीमांवर. त्यावरचा कायदेशीर उपाय पुढे सांगते.

त्याच फेरीत कोर्ट नाक्यावर जाऊन या. जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय दोन्ही तिथेच आहेत. न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे मोफत वकील मिळवून देणारं, कार्यालय शोधा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय कुठे आहे आणि आपल्या भागाचे संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बायकांना मदत करणारे सरकारी अधिकारी) कोण आहेत, ते विचारून नाव आणि भेटीची वेळ लिहून घ्या. अधिकारी बदलत असतात, म्हणून दर तीन महिन्यांनी ही पानं ताजी करा. तुम्ही जिने चढून, खिडकी बघून आलेल्या असलात, तर घाबरलेल्या बाईला "चला, मला माहीत आहे कुठे जायचं ते" असं म्हणू शकता. त्या एका वाक्याने तिचा श्वास सुटतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

ती दारात आल्यावर

पाणी द्या. बसायला भिंतीकडची खुर्ची द्या, दाराकडे पाठ करून बसवू नका. लहान मूल बरोबर असेल तर दुसऱ्या कार्यकर्तीने त्याला खेळवायला बाहेर न्यावं, कारण मुलासमोर आई अर्धंच बोलते आणि मूल सगळं ऐकतं.

बरोबर बहुधा आई, भाऊ किंवा शेजारीण असते. त्यांचं ऐका, पण तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय काहीही लिहायला घेऊ नका. भाऊ म्हणतो सोडचिठ्ठी घ्यायची, आई म्हणते समजावून परत पाठवा आणि तिला काय हवंय ते त्या खोलीत कुणीच विचारलेलं नसतं. कधी तिला फक्त एवढंच हवं असतं की मुलीची दहावी होईपर्यंत मारहाण थांबावी. असं असेल तर आपलं काम तिथून सुरू होतं.

वयाने मोठ्या बाईला "ताई" आणि "तुम्ही" म्हणा, घरी तिला कुणी तसं म्हणत नसेल तर जास्तच आठवणीने. "तुम्ही काय बोललात म्हणून त्याने हात उचलला?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. त्यातून मार खाण्याला कारण असू शकतं असं आपणच कबूल करतो. "इतकी वर्षं का सहन केलंत?" हाही नाही. "कधीपासून होतंय?" आणि "आज यावंसं का वाटलं?" एवढं पुरतं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा धोका किती वाढला आहे ते कळतं.

गुप्ततेचं वचन द्या, पण त्याची मर्यादाही तिथेच सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. तिने सगळं सांगून झाल्यावर हे सांगितलं तर तिला विश्वासघात वाटतो. दाराबाहेर तिची गोष्ट कुठेच जाता कामा नये. घरच्यांना नाव न घेता सांगणंही नको आणि संस्थेच्या ग्रुपवर फोटो तर अजिबात नको. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

आज रात्री ती कुठे झोपणार

कायद्याकडे वळण्याआधी हे विचारा. काही प्रश्न सरळ, स्पष्ट शब्दांत विचारायचे असतात: त्याने कधी गळा दाबला आहे का, घरात कोयता, सुरा, रॉकेल अशा वस्तूंची धमकी दिली आहे का, तुम्ही गरोदर आहात का, मुलांना काही करीन म्हणतो का, स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का. गळा दाबल्याचं उत्तर "हो" आलं तर ते सर्वांत गंभीर समजा, अंगावर वळ नसले तरी. त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि वरिष्ठ कार्यकर्तीला लगेच बोलावायचं.

ती घरी जाणार असेल तर तो तिचा निर्णय आहे. मग तयारी करून द्या. ११२ (पोलिसांची तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे दोन क्रमांक पाठ करून घ्या. फोनमध्ये आपल्या केंद्राचं नाव "संस्था" म्हणून ठेवायचं नाही, शिवणकामाच्या बाईचं किंवा भाजीवालीचं नाव ठेवायचं. तिचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्रावर जोडलेलं आहे का, लोकेशन कुणाला दिसतंय का, ते तिच्या फोनवर तिच्याच हातांनी तपासा. आपण तिला कधी फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे तिच्याकडून ठरवून घ्या. एका नव्या कार्यकर्तीने प्रेमाने रात्री नऊ वाजता "ताई, बऱ्या आहात ना?" असा निरोप पाठवला आणि तो नवऱ्याने वाचला. त्यानंतर तिला पुन्हा केंद्रापर्यंत यायला चार महिने लागले.

एक पिशवी शेजारणीकडे किंवा कामाच्या ठिकाणी ठेवायला सांगा. तिच्यात आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, रेशन कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, औषधं आणि थोडे सुटे पैसे असावेत. मूळ कागद काढता येत नसतील तर प्रत्येकाचा फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवायचा आणि आपल्या फोनमधून पुसायचा.

घरी जाणं शक्यच नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर आहे. केंद्र सरकारची ही योजना २०१५ पासून सुरू आहे. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एका छताखाली मिळतो. निवारा थोड्या दिवसांचाच असतो, म्हणून तिथे पोचवल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढच्या जागेचा शोध सुरू करा.

लिहून घेणं

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. निवेदन लिहिणं हे कारकुनी काम समजून नव्या मुलींकडे ढकललं जातं. माझ्या मते केंद्रातलं सगळ्यांत अवघड आणि मोलाचं काम तेच आहे.

आधी पूर्ण ऐकायचं, पेन खाली ठेवून. मग दुसऱ्यांदा सांगायला लावायचं आणि लिहायचं. तिचेच शब्द वापरायचे. ती हिंदीत बोलत असेल तर हिंदीत, मालवणी बोलत असेल तर तिच्या शिव्यांसकट तसंच. "सासरचे लोक माझा शारीरिक व मानसिक छळ करतात" हे वाक्य ठाण्यातल्या प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते कुणीच वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: "मंगळवारी रात्री जेवण थंड वाढलं म्हणून त्यांनी स्टीलची थाळी तोंडावर फेकली. उजव्या भुवईवर तीन टाके पडले. सासू दारात उभी होती, ती म्हणाली, बाहेर आवाज जाऊ देऊ नको." यात वेळ आहे, वस्तू आहे, जखम आहे, साक्षीदार आहे. वकील आणि न्यायाधीश दोघांनाही याचाच उपयोग होतो.

तारखा तिला आठवत नाहीत, सण आठवतात. "टेंभी नाक्याची देवी बसली होती तेव्हा", "मुलाच्या सहामाहीच्या पेपरच्या आदल्या दिवशी", "दहीहंडीला". भिंतीवरचं कालनिर्णय काढा, मागच्या वर्षांची पानंही जपून ठेवा आणि दोघींनी मिळून तारीख शोधा. नक्की कळली नाही तर "नवरात्राच्या सुमारास" एवढंच लिहा. अंदाजाची तारीख नक्की म्हणून लिहिली तर समोरचा वकील त्याच एका चुकीवर सगळं निवेदन खोटं ठरवायला बघतो. तारीख आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीची सासरच्या छळाची घटना जुन्या कलम ४९८अ खाली जाते, नंतरची नव्या कलम ८५ खाली.

मार सोडून बाकीचं आवर्जून विचारा, कारण बायका ते सांगतच नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक हिंसेइतकीच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसाही मोजली जाते. पगार कोण ठेवून घेतो? एटीएम कार्ड कुणाकडे आहे? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वस्तीतल्या अनेक बायकांनी खाती उघडली किंवा जुनी चालू करून घेतली. महिन्याचे १,५०० रुपये तिच्या नावावर येतात, पण कार्ड नवऱ्याच्या खिशात. ती म्हणेल, "त्यात काय सांगायचं?" तुम्ही लिहा. नवऱ्याने तिच्या नावावर काढलेलं कर्ज, विकलेलं मंगळसूत्र, बंद केलेलं रेशन, काढून घेतलेला फोन, सगळं लिहा. माहेरहून आलेले आणि लग्नात तिला दिलेले दागिने, भांडी, वस्तू हे स्त्रीधन आहे आणि ते फक्त तिचं असतं. त्याची यादी वेगळ्या पानावर करा: वस्तू, कुणी दिली, आता कुणाकडे आहे.

शेवटी सगळं तिला वाचून दाखवा. ती "असं नाही, तसं झालं" म्हणेल तिथे दुरुस्त करा, खाडाखोडीशेजारी तिची सही घ्या. प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा, तारीख, लिहून घेणारीचं नाव. तिला प्रत हवी का ते विचारा. घरी नेणं धोक्याचं असेल तर प्रत केंद्रातच राहू द्या.

दवाखान्याचा कागद

जखम असेल तर आधी दवाखाना. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे, तिथे जाता येईल. डॉक्टरांना "नवऱ्याने मारलं" असंच सांगायचं आणि मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलीस-कोर्टात दाखवता येणारी जखमेची नोंद, करायला सांगायचं. "बाथरूममध्ये पडले" हे एक वाक्य एकदा केस पेपरवर गेलं की ते पुसता येत नाही. जखमेचे फोटो आजचे आणि तीन दिवसांनंतरचेही काढा, कारण मुका मार नंतर निळा पडतो. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: लिफ्टमधलं, जिन्यातलं सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याच आठवड्यात द्यायचा आणि पोच घ्यायची. अशा घरातली बाई वस्तीतल्या बाईपेक्षा उशिरा येते आणि जास्त लाजते. तिच्या गाडीकडे किंवा साडीकडे बघून धोक्याचा अंदाज बांधू नका.

पोलीस ठाण्यात

तिला एकटीला पाठवायचं नाही. तिच्या शेजारी बसायचं, पण बोलायचं तिनेच. आपण फक्त आठवण करून द्यायची. आत गेल्यावर ठाणे अंमलदार भेटतात, तिथे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या.

एनसी म्हणजे काय ते तिला बाहेरच समजावून ठेवा. ती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असते, तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. "तक्रार घेतली" असं समजून बायका वर्षानुवर्षं एनसीचे कागद पिशवीत जपतात. त्या कागदांचा उपयोग आहे, जाच जुना आहे हे त्यावरून दिसतं, म्हणून ते टाकू नका. पण नवरा किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचा गुन्हा दखलपात्र आहे, त्याचा एफआयआर होऊ शकतो. वैवाहिक प्रकरणांत पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालात तशी मुभा ठेवली आहे. त्यामुळे लगेच एफआयआर झाला नाही तर चिडू नका. चौकशीची तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि मागे लागा.

हद्दीचा प्रश्न निघाला तर शांतपणे झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते आणि पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघायचं नाही. नोंद नाकारली तर त्याच कलमाखाली पोलीस आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एकदा आम्ही रात्री साडेदहापर्यंत एका ठाण्यात बसलो होतो. तक्रार घेतली जात नव्हती, "नवरा-बायकोचं आहे, सकाळी बघू" असं चाललं होतं. आवाज न चढवता आम्ही एका कोऱ्या कागदावर लिहिलं: किती वाजता आलो, कुणाला भेटलो, काय उत्तर मिळालं. तो कागद पोच द्या म्हणून टेबलावर ठेवला. त्यानंतर तक्रार घेतली गेली. दमदाटी करणाऱ्या कार्यकर्त्या मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी त्यांचं काम होतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात बाईला एकटीला जावं लागतं.

पोलिसांशी संबंधित मदतीच्या इतर जागाही माहीत करून घ्या. महिला व मुलांसाठीचा सहाय्य कक्ष १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. आयुक्तालयांमध्ये पोलिसांचे समुपदेशन आणि मदत देणारे भरोसा सेल आहेत आणि पोलीस ठाण्यांना जोडलेल्या महिला दक्षता समित्याही.

कोर्टाचा रस्ता

बायकांना वाटतं कोर्ट म्हणजे घटस्फोट. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली एफआयआर न करताही आणि घटस्फोट न मागताही दाद मिळते. २६ ऑक्टोबर २००६ पासून हा कायदा लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू होतो. मुंब्र्यातल्या बायका पुष्कळदा "आमच्यात हे चालत नाही" म्हणतात, त्यांना हे आवर्जून सांगा. फक्त पत्नीच नव्हे, आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्यांना तो वापरता येतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला "प्रौढ पुरुष" हा शब्दप्रयोग काढून टाकला, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो.

पहिली पायरी संरक्षण अधिकारी. ते घटनेचा अहवाल, म्हणजे डीआयआर, भरतात. तिचं निवेदन नीट लिहिलेलं असेल तर हा अहवाल अर्ध्या तासात होतो. मग कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. ती सध्या तात्पुरती जिथे राहते किंवा नोकरी करते तिथल्या कोर्टातही तो करता येतो. दिघ्याहून कळव्याला माहेरी आलेल्या बाईला हे मोठं सोयीचं आहे. अर्ज मिळाल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा बऱ्याच लांबतात, हे तिला आधीच सांगा. म्हणूनच कलम २३ खालचा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागायचा.

काय मागायचं ते तिच्याशी बसून ठरवा: मारहाण थांबवण्याचा संरक्षण आदेश, राहण्याचा आदेश, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. वस्तीत राहण्याचा प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. खोली सासूच्या नावावर आहे म्हणून "तुझा काय हक्क?" असं तिला सुनावलं जातं. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते तिचं सामाईक घर, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. किसन नगरसारख्या भागात क्लस्टर पुनर्विकास योजनेत पक्की घरं मिळायची चर्चा सुरू झाली की काही नवरे खोली परस्पर विकायला काढतात. तशी कुणकुण लागली तर कलम १९ खाली खोली विकण्यावर मनाई त्याच दिवशी मागायला वकिलांना सांगा.

वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. कोर्ट नाक्यावरच्या कार्यालयात अर्ज करायचा, फोनवर विचारायचं तर १५१००. पोटगीसाठी दोन्ही बाजूंना आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते. नवऱ्याची पगारपावती, दुकानाचा फोटो, रिक्षाचा नंबर, जे हाताला लागेल ते आधीच गोळा करा. आदेश मिळाला की त्याची मोफत प्रत घ्या आणि एक पोलीस ठाण्यात द्या. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरकाम करणारी बाई कामाच्या घरातल्या लैंगिक त्रासाबद्दल सांगू लागली तर तो रस्ता वेगळा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची. मुदत पाळा.

बैठक घ्यायची वेळ आली तर

अनेक बायकांना नांदायचं असतं. त्यात काही कमीपणा नाही आणि त्यांना कमजोर समजू नका. ती म्हणाली तरच नवऱ्याला बोलावायचं, धोका मोठा असेल तर मात्र आपण नकार द्यायचा. नवा कार्यकर्ता असो की जुना, एकट्याने बैठक घ्यायची नाही. दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलवा, आधी वेगळं बोला, मग एकत्र.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत एक फार चांगली तरतूद आहे: कोर्टाने नेमलेल्या समुपदेशनात हिंसेचं समर्थन करणारी कारणं समोरच्याला मांडू द्यायची नाहीत. ती आमच्या प्रत्येक बैठकीची पहिली अट आहे. तो "ही उलट बोलते", "हिचा फोन सारखा चालू असतो" असं सुरू करतो. तिथेच थांबवायचं आणि म्हणायचं, त्यावर नंतर बोलू, आधी हात उचलणं बंद होणार की नाही ते सांगा. समझोत्याच्या कागदावर "दोघांनी सामंजस्याने राहावे" असलं काही लिहू नका. "महिन्याच्या पाच तारखेपर्यंत ८,००० रुपये तिच्या खात्यात", "एटीएम कार्ड तिच्याकडे", "दर दुसऱ्या बुधवारी ती केंद्रात येईल, तिला कुणी अडवणार नाही", असं मोजता येईल ते लिहा. माफीनामा लिहून घेतला तर त्यात त्याने काय केलं ते त्याच्या अक्षरात यायला हवं.

नंतरचे महिने

प्रकरणाचा खरा भार इथे असतो आणि नव्या कार्यकर्त्या सगळ्यांत जास्त इथेच गळतात. तारखेच्या आदल्या दिवशी ठरलेल्या वेळी फोन. कोर्टात सोबत. घर बदललं असेल तर मुलांची शाळा: जुन्या शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. तिचं स्वतःचं बँक खातं, तिचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का ते बघणं. हातात काम नसेल तर बचत गटातल्या बायकांशी गाठ घालून देणं. प्रत्येक फोन, प्रत्येक भेट फाईलमध्ये एका ओळीत लिहा, "फोन लागला नाही" हेसुद्धा.

स्वतःच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. घरचा पत्ता कुणाला देऊ नका. स्वतःच्या पैशातून उसने देऊ नका, संस्थेच्या निधीतून द्यायची पद्धत आहे. आणि शनिवारच्या आमच्या बैठकीला या, ऐकलेलं सगळं तिथे बोला. घरी नेलेली ती ओझी रात्री झोपू देत नाहीत.

ती परत गेली, फोन उचलेनाशी झाली, तर रागावू नका. फाईलवर "बंद" असा शिक्का मारू नका, तारीख टाकून कपाटात ठेवा. लोकमान्य नगरची एक ताई अशीच दोन भेटींनंतर आली नव्हती. तिचं निवेदन लिहून घेणारी कार्यकर्ती नवी होती, आपण कमी पडलो असं तिला फार दिवस वाटत राहिलं. तीन वर्षांनी ती ताई मुलीचा हात धरून दारात उभी राहिली. या वेळी काय हवं ते तिने ठरवलं होतं. कपाटातून फाईल काढली. पहिल्या पानावर तारीख होती, भुवईवरच्या टाक्यांची नोंद होती, सासूचं ते वाक्य होतं आणि खाली तिची थरथरत्या हाताची सही. तिने ते वाचलं, म्हणाली, "हो, असंच झालं होतं." मग आम्ही नवं पान घेतलं आणि त्या दिवशीची तारीख टाकली.